कपाटातल्या वीस पाट्या

भांडुपच्या टेकडीला बिलगून असलेल्या वस्तीत बुद्धविहाराची एक अभ्यासिका होती. खोली अजून आहे. तिथे अभ्यास होत नाही, एवढंच. ती अशी ओसाड होण्यात आपला हात किती, हा प्रश्न संघमित्रा पगारे गेली तेरा वर्षं स्वतःला विचारते आहे, आणि उत्तर दर वेळी एकच येतं.

संघमित्रा मुलुंडच्या एका रक्ततपासणी केंद्रात अहवाल टंकित करते. तिचे वडील राजाराम, म्हणजे आबा, ऐन तारुण्यात जालन्याकडून मुंबईला आले, साकीनाक्याच्या कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झाले, आणि उरलेला सगळा जीव त्यांनी अभ्यासिकेच्या पुस्तकांत घातला. उघडे लाकडी रॅक, त्यांवर क्रमिक पुस्तकं, मार्गदर्शकं, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. दर मे महिन्यात आबा मैद्याची खळ शिजवून फाटलेल्या पाठी चिकटवत. कुलूप मात्र त्यांनी कधी लावलं नाही. कोणी टोकलं तर म्हणत, "चोरून नेलेलं पुस्तक कोणी न वाचता ठेवत नाही रे. जाऊ दे."

त्या वर्षी वर्तमानपत्रांत टॅब्लेटवरून रण माजलं होतं. एका स्तंभलेखकाच्या मते ते चार दिवसांचं खूळ होतं: ना धड फोन, ना धड संगणक, लोक हौसेने घेतात आणि महिन्याभरात कोपऱ्यात ठेवून देतात. दुसरा विक्रीचे चढते आकडे देऊन लिहीत होता की ही उद्याची पाटी आहे, पाच वर्षांत दप्तर इतिहासजमा होईल. संघमित्रा दोन्ही बाजूंची कात्रणं कापून एका फायलीत लावत होती. पण मनाचा कौल आधीच लागला होता. केंद्रात आलेल्या एका बाईची सहा-सात वर्षांची मुलगी बाकावर बसून टॅब्लेटवर बोटाने ग्रहमाला फिरवताना तिने पाहिली होती. शनीची कडी त्या मुलीने चिमटीत धरून मोठी केली, आणि सुई टोचेपर्यंत ती रडली नाही. संघमित्राच्या मनात आलं, प्रत्येक नवी वस्तू आपल्या टेकडीवर पोहोचते ती इतरांची वापरून झाल्यावर. एकदा तरी आपण आधी असावं.

जानेवारीत जयंतीच्या तयारीची सभा विहारात भरली, आणि तिने ठराव मांडला: यंदा डीजे नको, त्या पैशांत मुलांसाठी वीस टॅब्लेट घ्यावेत.

"डीजे कॅन्सल?" चैतन्य ओरडला. तो समितीचा चिटणीस, संघमित्राचा शाळेपासूनचा सोबती. "वाट लागली! अगं मित्रा, मिरवणूक काय टाळ्या वाजवत काढायची?"

"वाजव ना. तुझा आवाज डीजेपेक्षा मोठा आहे."

सभा हसली. मग वाद रंगला. पेपरवाले म्हणतात हे टिकणार नाही, असं कोणी म्हणालं; पेपरवाले संगणकाबद्दलही तेच म्हणत होते, असं दुसरं कोणी. संघमित्राने फाईल उघडून आकडे वाचले. पुढच्या वर्षी दहावीला बसणाऱ्या उत्तराने मागून विचारलं, "ताई, त्यात विज्ञानाच्या आकृत्या हलतात?"

"हलतात. हृदयसुद्धा धडधडताना दिसतं."

मुलींच्या रांगेतून एक हुंकार उठला, आणि ठराव तिथेच जिंकला गेला. अध्यक्ष सहदेवकाका म्हणाले, "राजाराम, तू गप्प का? पुस्तकं तुझी."

आबांनी एवढंच विचारलं, "कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार?"

म्हाताऱ्याचा टोमणा, असं समजून संघमित्रा ताठ मानेने म्हणाली, "दोन कुलपं, दोन किल्ल्या. एक काकांकडे, एक माझ्याकडे. समाजाची वस्तू आहे, आबा. चिकटवायची खळ नाही."

आबांनी मान हलवली. पोलादी कपाट आणि चार्जिंगचं टेबल बसवायला रॅक काढावे लागले. पुस्तकं गावाकडच्या नव्या अभ्यासिकेला द्यायचं ठरलं. आबांनी ती स्वतः पोत्यांत भरली, टेम्पोत चढवली, आणि टेम्पो वळणाआड गेल्यावरही ते बराच वेळ रस्त्यावर उभे राहिले.

मार्चअखेर टॅब्लेट आले. मुलांनी डब्यांना हात लावून पाहिले. उत्तरा म्हणाली, "ताई, एक तरी सुरू करा ना."

इथेच ते घडलं. संघमित्रा म्हणाली, "थांबा गं. उद्घाटन झाल्याशिवाय नाही."

कोणाला यात काही वावगं वाटलं नाही. वस्तीतला पाण्याचा नळसुद्धा फीत कापल्याशिवाय सुटला नव्हता. प्रमुख पाहुणे म्हणून समाजातले एक मोठे निवृत्त अधिकारी ठरले. त्यांच्यासोबत वार्ताहर येतील, बातमी छापून येईल आणि खूळ म्हणणारा तो स्तंभलेखक ती वाचेल, हे संघमित्राने मनाशी धरलं होतं. जयंतीला पाहुणे नागपुरात अडकले. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी लग्न निघालं. धम्मचक्र दिनाची तारीख पक्की झाली, पत्रिका छापल्या, आणि आदल्या दिवशी त्यांना रुग्णालयात हलवल्याचा निरोप आला.

"दुसऱ्या कोणाच्या तरी हातून करू," चैतन्य म्हणाला. "नाहीतर तूच काप फीत. कात्री मी देतो, यार."

"पत्रिकेवर त्यांचं नाव आहे. अपमान होईल."

दर रविवारी काकांकडची किल्ली आणून ती कपाट उघडी, डबे मोजी, वरची धूळ पुशी आणि दोन्ही कुलपं लावी. मुलं दारात उभी राहून बघत. रॅक नव्हते, बसायला चटई होती, वाचायला काही नव्हतं. दिवाळीनंतर मुलं यायची थांबली. उत्तरा तेवढी शाळेची वही घेऊन येत राहिली, आणि फेब्रुवारीत तीही थांबली. मार्चमध्ये तिने परीक्षा दिली.

पुढच्या जयंतीला पाहुणे आले. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी पहिला टॅब्लेट हातात घेऊन बटण दाबलं. काच काळीच राहिली. दुसरा, तिसरा. एकाची पाठ पोळीसारखी फुगली होती. "चार्जिंग संपलं असेल," सहदेवकाका हसत म्हणाले. पाहुणे भाषणाकडे वळले. छायाचित्रकाराने बंद काचेसह त्यांचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पिशवीत वीसही घेऊन संघमित्रा घाटकोपरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने दोन उघडून पाहिले. "ताई, वर्षभर चार्जच केले नाहीत? ही बॅटरी पूर्ण उपाशी ठेवली की मरते. अधूनमधून वापरत राहायला हवे होते."

"सांभाळून ठेवले होते."

"तेच तर."

बॅटरी बदलून मिळते का, तेही तिने विचारलं. ते मॉडेल कंपनीने तोवर बंद केलं होतं. घरी येऊन तिने आबांना सगळं सांगितलं. तिला वाटलं, आता बोलतील. किल्लीचा तो प्रश्न पुन्हा विचारतील. ते म्हणाले, "जेवून घे." जूनमध्ये निकाल लागला. उत्तरा विज्ञानात नापास झाली. पुस्तकं परत मागायला संघमित्रा गावी जाऊन आली. तिथली मुलं रॅकपुढे दाटीने बसलेली पाहून ती पुस्तकं न मागताच माघारी फिरली. आबा पुढच्या वर्षी गेले.

वर्तमानपत्रांतला वादही केव्हाच विझला. आता टेकडीवर घरोघरी फोन आहेत, आणि टॅब्लेटचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात विहाराच्या पुनर्बांधणीसाठी खोली रिकामी करायची होती. दोन्ही किल्ल्या आता संघमित्राकडेच असतात. ती कपाट रिकामं करत असताना उत्तरा दारात आली, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. दहावी तिने पुन्हा दिली नाही. सोनापूरच्या एका गोदामात ती खोक्यांना चिकटपट्टी लावते.

"ताई, फेकणारच आहात ना? एक द्या. याला खेळायला."

"चालत नाही गं."

"माहितीये."

संघमित्राने न फुगलेला एक निवडून दिला. काचेवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. उत्तराने ते नखाने सोलून काढलं. मुलगा पायरीवर बसला. खोलीच्या कोपऱ्यात पडलेला खडूचा तुकडा उचलून तो काचेवर घासू लागला. खडू घसरत राहिला, काही उमटलं नाही. तो जोर लावू लागला.

"नाही येत रे त्याच्यावर," उत्तरा म्हणाली आणि त्याला उचलून टेकडी उतरू लागली. संघमित्रा उरलेल्या डब्यांवरची धूळ पुसत राहिली.