मेधाताई आणि आपोआप थांबलेला एरर

आमच्या ऑफिसात "चूक माझी आहे" असं भर मीटिंगमध्ये म्हणणारं एकच माणूस होतं. ते काल गेलं.

मेधाताई. हार्ट अटॅक. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचली नाही.

आत्ताच स्मशानातून आलोय. आंघोळ केली आणि लिहायला बसलो. नीट लिहिता येणार नाही, सांभाळून घ्या.

ती मूळची सांगलीची. नवरा एअर फोर्समध्ये, त्यामुळे आयुष्य बदल्यांत गेलं. दर बदलीला हिची नोकरी सुटायची. शेवटची पोस्टिंग चंदीगडची, आणि रिटायर झाल्यावर दोघं इथेच राहिले. मग पंचेचाळिशी उलटल्यावर ही बाई मोहालीत आमच्या कंपनीत आली आणि पोरासोरांबरोबर कोड लिहायला बसली.

मी अमरावतीचा. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून वऱ्हाडी "काऊन" निघालं आणि तिने मान वर केली.

"अरे वा, आपला माणूस! भडंग खातोस का?"

तेव्हापासून माझ्या डेस्कवर भडंगाचा डबा कायम. आमच्या पंजाबी मंडळींनी तो "मराठी नमकीन" म्हणत फस्त करायचा आणि मी नुसतं बघायचं.

पण सांगायचंय ते सहा-सात वर्षांपूर्वीच्या एका सोमवारचं.

हॉस्पिटलांत डायलिसिसच्या वेळा बुक करणारी एक सर्व्हिस आमच्याकडे होती. त्या सकाळी ती कोलमडली. स्क्रीनभर लाल. डेटाबेसला कनेक्शन मिळत नाही, एवढंच म्हणत होती. तिकडे काउंटरवर पेशंट उभे, इकडे आमचे फोन थांबेनात.

शुक्रवारी गुरलीनने त्याच सर्व्हिसमध्ये एक बदल टाकला होता. गुरलीन इथल्याच मनीमाजऱ्याची, नवीन पोरगी, प्रोबेशनवर.

झालं. गरिबाचा वाली कोण?

मॅनेजरसाहेबांनी तिचा बदल मागे घ्यायला लावला. सर्व्हिस सुरू झाली. एरर बंद. टाळ्या. साहेबांनी लगेच वरच्यांना मेल ठोकला, गुरलीनच्या नावासकट. त्याच आठवड्यात तिच्या प्रोबेशनचा निकाल लागणार होता. पोरगी पॅन्ट्रीत जाऊन रडत बसली.

मेधाताई मात्र खुर्चीत तशीच.

मी म्हटलं, "काय गं ताई, झालं की!"

"बदल मागे घेताना सर्व्हिस रिस्टार्ट पण झाली ना रे? मग बरं नक्की कशाने वाटलं?"

आम्हा सगळ्यांची हीच खोड. बिघडलं की रिस्टार्ट मारायचा, चाललं की शेवटचा हात ज्याचा लागला त्याला धरायचं.

ती पॅन्ट्रीत गेली. "रोना बाद में, बेटा. पहले मेरे साथ बैठ."

दोघींनी सर्व्हिसच्या नोंदींचा लॉग अगदी वरून वाचायला घेतला. आम्ही सगळे खालची शेवटची लाल ओळ बघत होतो, ती मात्र पहिली शोधत होती. आणि ती पहिली ओळ डेटाबेसची नव्हतीच. SMS पाठवणाऱ्या कंपनीकडून उत्तर यायला उशीर होतोय, असली साधी सूचना होती.

साधं करून सांगतो. डेटाबेसकडे जायला मोजक्या वाटा असतात. काम झालं की वाट मोकळी करायची असते. आमच्या एका जुन्या कोडमध्ये पेशंटला SMS पोचल्याचं उत्तर येईपर्यंत वाट अडवून धरली होती. त्या सकाळी SMS रखडले, सगळ्या वाटा तुंबल्या. रिस्टार्टने त्या मोकळ्या झाल्या, आणि तेवढ्यात SMS पण सुरळीत झाले. गुरलीनचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

ताईने टेस्ट सिस्टमवर SMS मुद्दाम रखडवले. गुरलीनचा बदल नसतानाही तोच एरर आला.

मग तो जुना कोड कोणी लिहिला ते तिने काढलं.

तिनेच लिहिला होता.

मी हळूच म्हणालो, "ताई, आता तर सगळं चालतंय. कोण विचारणार आहे?"

माझ्याकडे असं बघितलं की मी गुमान पाणी प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. साहेब म्हणाले, "मॅडम, छोड़ो ना. सॉल्व हो गया."

"सॉल्व नहीं हुआ जी, बस चुप हो गया है. कोड मेरा है, गलती मेरी है. गुरलीन का नाम हटाइए. आज ही."

नाव निघालं. गुरलीन पक्की झाली.

पुढे महिन्याभरात टीमला लीड नेमायचा होता. आम्ही सगळे ताईचंच नाव धरून बसलेलो. नेमला बाहेरचा माणूस. ताई हसून म्हणाली, "बरं झालं बाबा, मला कुठे त्या मीटिंगा झेपणार!" आणि आम्ही मूर्खांसारखं ते खरं मानलं.

आज स्मशानात तिचे मिस्टर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मराठी बोलायला कोणीतरी हवं होतं त्यांना बहुतेक.

म्हणाले, "ती लीडची जागा तिला फार हवी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी तिच्या एकटीचं होणार होतं. त्या सोमवारी घरी येऊन तिने मला सगळं सांगितलं. मीच म्हटलं, अगं, नेमणूक होऊ दे, मग सांग. महिन्याने काय बिघडतंय?"

त्यांनी डोळे पुसले.

"तर म्हणाली, महिन्याने ती पोरगी घरी बसलेली असेल."

गुरलीन माझ्या शेजारीच उभी होती. यंदापासून आमच्या टीमची लीड तीच आहे. ताईचे मिस्टर रडतायत एवढंच तिला कळत होतं.

तिने माझी बाही ओढली. "सर क्या कह रहे हैं?"

मला हिंदीत सांगावं लागलं. शब्द न् शब्द.

ती तिथेच पायरीवर बसली. मीही बसलो.

ताई, नीट जा. तुझी खूप आठवण येईल गं.

तुला मनापासून श्रद्धांजली.