दारामागची माणसं

उन्हात तापलेल्या धुळीचा आणि न उचललेल्या कचऱ्याचा मिळून जो एक आंबूस वास येतो, तो आला की मी आजही आखातातल्या, फरवानियातल्या त्या जिन्यात उभी असते. इराकी फौजा शहरात शिरून महिना उलटला होता. माझ्या दाराबाहेर चपलांचे दोन जोड असत, एक माझा, एक यांचा; हे तर आदल्याच वर्षी गेलेले, पण आत पुरुषमाणूस आहे असं शिपायांना वाटावं म्हणून तो जोड मी रोज पुसून, किंचित हलवून ठेवी.

इमारतीत माणसं उरलेली पाचच दारं. एका दुपारी सगळे वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जमले. घरी परतायचं तर आधी अम्मान गाठायचं; तिकडे जाणारा बसवाला म्हणे, बस भरली तरच येईन. म्हणजे जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. पाण्याच्या पाळीसारखंच हेही दारामागे एक मत धरून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. दोन दारं जाऊ म्हणाली, दोन राहू. पाचवं माझं. मला राहायचं होतं, हो. तिकडे गावी माझी वाट बघणारं होतंच कोण? इथे निदान यांची रिकामी खुर्ची तरी होती.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या खोलीतला, सावंतवाडीकडचा सुतार बाबी म्हणाला, "काकी, आमचा दार एक आसा, पण पोटां अकरा आसत. पीठ संपला."

"अकरा जण एका खोलीत मावता, मग एका मतात मावायला काय झालं?" डॉक्टर हसले.

"मावतंव ता नाइलाजान, साहेब."

डॉक्टरांचंही अगदीच चूक नव्हतं बरं का. डोकीच मोजायची तर लहान घरांनी कायम भरलेल्या खोलीच्या मागून चालायचं. पण माझी नजर उंबऱ्याबाहेर गेली. झिजलेल्या चपलांचा तो ढीग, आणि कडेला माझा एकटीचा जोड. एवढी पावलं अडवून धरण्याइतकं माझं दार मोठं झालं तरी कशानं?

"डोकी मोजा," मी म्हटलं.

मोजली. मी हरले.

बस निघाली तेव्हा ऊन कलत होतं, वाळूवर तांबूस, थकलेला उजेड पसरला होता. यांचा जोड मी पुसून दाराबाहेरच ठेवून आले होते. दारं मोजली तरी मी एक, डोकी मोजली तरी एकच. त्या दोन एकांच्या मध्ये न्याय नेमका कुठे बसतो, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. पुढून बाबी खुबूस रोटीचे तुकडे वाटत, डोकी मोजत येत होता. एक तुकडा माझ्या हातात आला, त्याचं बोट माझ्यापाशी क्षणभर थांबलं, आणि मग पुढे गेलं.