नाक्यावरचा चिमटा

जुन्या नाक्याच्या ओट्यावर एक बाई रडत्या तान्हुल्याला थोपटत होती. शेजारचा म्हातारा चहावाला मला सांगत होता, इंग्रजांच्या काळी ओढ्यापलीकडे त्यांची हद्द, अलीकडे संस्थानची. संस्थानातली स्वस्त अफू पलीकडे न्यायला बंदी होती. त्याची पणजी ती लेकराच्या दुपट्यात बांधून न्यायची. रडत्या पोराला शिपाई हात लावत नसत, म्हणून नाका आला की ती त्याला चिमटा काढायची.

“एकदा काढला, तर पोर रडलंच नाही,” म्हातारा म्हणाला. “अफू बांधलेलं दुपट्याचं टोक चोखत आलं होतं.”

ती हद्द कधीच पुसली गेली. कुणाचा कायदा मोडला, हे आता कुणी विचारत नाही. मला मात्र त्या पणजीचा दुसरा चिमटा दिसत राहिला, जरा जोरात काढलेला.

बाईनं ओशाळून माझ्याकडे पाहिलं. “फार रडतोय हो.”

“रडू द्या त्याला,” मी म्हणालो.