उपळेकरांच्या चोवीसपट लहान गाड्या

श्यामकांत उपळेकरांना गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लक्ष्मीबाई नगरातल्या निम्म्या लोकांना ते वर्षानुवर्षं माहीत नव्हतं आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, मधे जिना. सरकारी क्वार्टर्स, त्यामुळे भिंतींचा रंगसुद्धा एकच. उपळेकर मूळचे वाईचे. एकाहत्तर साली असिस्टंट म्हणून दिल्लीला आले, मग सेक्शन ऑफिसर झाले, मग अंडर सेक्रेटरी. बायको कुमुद, शाळेत गणित शिकवायची. मुलगी अपूर्वा, कॉलेजात. आणि मोटारगाड्या त्र्याऐंशी. हा सत्त्याण्णव सालचा आकडा. सगळ्या प्लॅस्टिकच्या, खऱ्या गाडीच्या चोवीस पटीने लहान, वीतभरही लांब नाहीत.

“खेळणी” म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “मॉडेल,” ते शांतपणे सांगायचे. समोरचा पुन्हा खेळणी म्हणाला की पुन्हा, तितक्याच शांतपणे, “मॉडेल.” फरक आहेच. खेळणं तयार मिळतं. इथे खोक्यात नुसत्या प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि कैऱ्या देठाला लटकाव्यात तसे त्यांना शे-दीडशे भाग लटकलेले. एकेक भाग नेलकटरने तोडायचा, घासायचा, रंगवायचा, चिकटवायचा. एका गाडीला तीन-चार महिने. मला विचाराल तर एवढ्या वेळात माणूस एक भाषा शिकेल. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

सुरुवात एका मोडक्या खोक्यापासून झाली. त्यांच्या खात्यातले एक वरिष्ठ टोकियोहून पोस्टिंग संपवून परत आले. मुलासाठी किट आणलं होतं, मुलाने त्याची दोन चाकं हरवली आणि नाद सोडला. साहेबांनी ते खोकं उपळेकरांना देऊन टाकलं. यांनी कोटाच्या बटणांची चाकं केली आणि नळाच्या वॉशरचे टायर. ती गाडी मी पाहिली आहे. बटणाची भोकं दिसतात, बाकी काही कळत नाही.

त्या काळात असली किटं इथल्या बाजारात नव्हतीच. कोणी परदेशातून आलं तर त्याच्या सुटकेसमधून यायची, वर्षाला जेमतेम तीन-चार. आलेलं खोकं उपळेकर महिनाभर उघडायचे नाहीत, नुसते झाकणावरचं चित्र बघत बसायचे. रंग मिळत नसत. मग काश्मिरी गेटला मोटारींच्या सामानाच्या गल्लीत जाऊन खऱ्या गाड्यांच्या ओरखड्यांवर लावायचा रंग आणायचा. लाल मात्र तिथे मनासारखा मिळेना, म्हणून सरोजिनी नगरच्या बाजारात नेलपॉलिश. दुकानदारासमोर उभं राहून स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचे. एकदा पुसायचं राहून गेलं आणि हे लालभडक अंगठ्याने जॉइंट सेक्रेटरींपुढे फाइल धरून उभे. साहेबांनी फाइलवर सही केली आणि एवढंच विचारलं, “उपळेकर, घर में सब ठीक?”

दिल्लीची धूळ ही त्यांची खरी वैरीण. ओल्या रंगावर एक कण बसला की सगळं पुन्हा घासायचं. त्यावर उपाय बाथरूम. रविवारी सकाळी शॉवर सोडून हवेतली धूळ खाली बसवायची, मग आत कोंडून घेऊन रंगवायचं. पाणीही सकाळीच यायचं, दोन तास. कुमुद बाहेरून दार वाजवतेय, अपूर्वा ओरडतेय, “बाबा यार, मला केस धुवायचेत!” आणि आतून आवाज, “दुसरा हात चालू आहे.”

आणखी एक खोड. परदेशी किटांमध्ये स्टिअरिंग बहुतेक वेळा डाव्या बाजूला. उपळेकर ते कापून उजवीकडे आणायचे. डॅशबोर्ड उलटा करून, पेडल हलवून, सगळं. “कपाटात उभी राहणार ती,” मी एकदा म्हणाले, “कुठे चाललीय?” तर म्हणाले, “उभी असली तरी भारतात आहे.”

मग एक्याण्णव साल उजाडलं आणि बघता बघता देशात नव्या गाड्यांची रांग लागली. साउथ एक्स्टेंशनच्या एका दुकानात किटंसुद्धा दिसायला लागली, रंगांच्या इवल्या बाटल्यांसकट. आमच्या कॉलनीत जिथे स्कूटर उभ्या असायच्या तिथे मोटारी आल्या. आणि घ्यायच्या आधी प्रत्येक जण आमचा जिना चढायला लागला. “उपळेकर साहब, कौन-सी लूँ?” उपळेकर त्याच्या घरात माणसं किती, म्हातारं कोणी आहे का, गावी रस्ता कसा, सगळं विचारून घ्यायचे आणि नाव सांगायचे. सल्ला सहसा चुकला नाही. स्वतः मात्र बसने ऑफिसला. लोकांना वाटे, किती साधा माणूस!

शहाण्णवच्या नोव्हेंबरात कुमुदला नोएडाच्या एका नव्या शाळेने उपमुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. वीस वर्षं गणिताचे पेपर तपासल्यानंतर पहिल्यांदाच कोणी तिला वरची खुर्ची देत होतं. एक एप्रिलला रुजू व्हायचं, सकाळी सव्वासातला फाटकाच्या आत. तिने दोनदा बसने जाऊन पाहिलं. आश्रम चौकात बस बदलायची, दुसरी कधी येईल ते देवाला ठाऊक. दोन्ही वेळा आठ वाजून गेले. तेव्हा गाडी हवी, आणि ती तिनेच चालवायची, नाहीतर नोकरी नाही. शाळेने उत्तराला फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली.

आता गाड्यांतलं एवढं कळणारा नवरा घरात असताना गाडी घ्यायला किती वेळ लागावा? उपळेकरांनी फाइल उघडली.

थट्टा नाही करत. खरोखरची फाइल, लाल फितीची. विषय: कुटुंबाकरिता मोटार वाहनाची खरेदी. मग एक एक परिच्छेद, क्रमांक घालून. प्रत्येक गाडीला काहीतरी हरकत.

डिसेंबरात ते शोरूमला निघाले तेव्हा कुमुदने मलाही ओढून नेलं. “ताई, तुम्ही असलात की हे जरा आटपतं घेतात.” कसलं आटपतं! उपळेकरांनी खिशातून व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा काढला आणि गाडीच्या दाराच्या फटीत एकेक कार्ड सरकवायला लागले. पुढच्या बाजूला तीन गेली. मागच्या बाजूला चार.

“बघा,” ते मला म्हणाले, “एका कार्डाचा फरक आहे.”

विक्रेता पोरगा घाबरला. “सर, आप इंजीनियर हैं?”

“नहीं. अंडर सेक्रेटरी.”

त्यावर तो आणखीच ताठ उभा राहिला आणि चहा मागवला. चहा पिऊन आम्ही परत आलो. गाडीचं नाव मी सांगणार नाही. ती पुढे रस्तोरस्ती दिसली आणि फटीतून कोणी बाहेर पडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

जानेवारी सरला. एका संध्याकाळी कुमुद ती फाइल घेऊन माझ्याकडे आली आणि टेबलावर आपटली. मी वाचली. चौदा परिच्छेद झाले होते. समासात पेन्सिलीने कुमुदचे शेरे. सहाव्यात यांनी लिहिलेलं, रंगाचा थर असमान. समोर तिचा शेरा, मी सीटवर बसणार आहे, रंगावर नाही. नवव्यात, मागील दिव्याची काच किंचित तिरकी. शेरा, माझं डोकं सरळ आहे तोवर निर्णय घ्या. आणि शेवटी यांचं, प्रकरण अधिक माहितीसाठी प्रलंबित ठेवावे.

“तू स्वतःच का घेऊन टाकत नाहीस?” मी म्हणाले.

“गाड्या हे त्यांचं खातं ना, ताई. पंचवीस वर्षं तेच बघतायत.”

“मग खातं काढून घे.”

ती हसली नाही. “त्यांना घ्यायचीच नाहीये,” ती म्हणाली. “का, ते कळत नाही. मला नोकरी करू द्यायची नाही असं म्हणावं तर जाहिरात त्यांनीच कापून आणली होती. आता मुदतीचे आठ दिवस उरलेत.”

मला असल्या गोष्टींत कुजबुज करत बसायला आवडत नाही. रविवारी सकाळी सरळ त्यांच्या घरात गेले. उपळेकर गाडीची पुढची काच बसवत होते. टूथपिकच्या टोकावर फेविकॉलचा थेंब, श्वास रोखलेला. कुमुद स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक.

“श्यामकांतराव,” मी म्हणाले, “ती फट, तो रंग, ते दिवे पुरे झाले. खरं कारण काय ते सांगा.”

त्यांनी काच बसवली. दोन बोटांनी धरून ठेवली, कारण सोडली तर सरकते. आणि तशीच ती धरून, माझ्याकडे न बघता बोलले.

“मला येत नाही चालवता. बसलोच नाही कधी त्या जागेवर. बसायची हिंमत नाही.”

“हे मला लग्नापासून माहितीय,” कुमुद म्हणाली. “चालवणार मी आहे.”

“तेच तर.” त्यांचा आवाज जरा चढला. तो मी पहिल्यांदा ऐकला. “तुम्ही लोक गाडी बघता तेव्हा तुम्हाला गाडी दिसते. मला तिचे भाग दिसतात. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा दांडा केवढासा असतो, कल्पना आहे? मी रोज बसमधून गाड्या बघतो ना, तेव्हा प्रत्येक गाडी कुठे सुटेल ते मला दिसतं. आणि तू रोज सकाळी, हिवाळ्यात तर अंधारात, निजामुद्दीनच्या पुलावरून जाणार. खाली यमुना.”

  

कुमुद कणकेच्या हाताने कपाटाकडे गेली. “ह्या किती?”

“त्र्याऐंशी.”

“पहिली कधीची?”

“बहात्तर.”

“आजवर एखाद्या गाडीचा एखादा भाग सुटलाय?”

“छे!” त्यांना राग आला. “माझ्या हातचा कसा सुटेल?”

“मग ती गाडी ज्यांनी जोडलीय त्यांनाही हात असतील की, अहो. तुम्ही एकटेच का काम नीट करता जगात?”

उपळेकरांनी काच अजून धरलेलीच होती. फेविकॉल केव्हाच धरला असणार. मग पुटपुटले, “पण फट असमान होती.”

“असू दे. मी तेवढी बारीक नाहीये.”

अपूर्वा आतल्या खोलीत खुदकन हसली. उपळेकरांनी काच सोडली, हात पुसले, फाइल ओढली आणि पंधरावा परिच्छेद लिहिला. एकच शब्द, मंजूर. कुमुदने तो वाचला आणि पेन मागून घेतलं. “मंजुरी मागितली नव्हती मी. मत मागितलं होतं.” तिने मंजूर खोडलं आणि फाइल परत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी विचार करून लिहिलं, घ्यावी. पांढरी, म्हणजे अंधारात दिसेल.

सोमवारी कुमुदने शाळेला होकार कळवला. पांढरी मारुती तिने स्वतः जाऊन ठरवली. कार्डं यावेळी घरी राहिली.

शिकणं सोपं गेलं असं नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर रोज सकाळी खेकसायचा, “मॅडम, क्लच धीरे!” धीरे म्हणजे किती, ते त्याला सांगता येईना आणि हिला कळेना. गाडी उडी मारून बंद पडायची. तिसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन घरी आली. त्या दिवशी उपळेकरांनी डब्यांची दोन झाकणं घेतली, मधे जुन्या घोंगडीचा गोल तुकडा चिकटवला, मागे स्प्रिंग लावली. एक झाकण फिरवत ठेवायचं आणि दुसरं त्याला हळूहळू टेकवायचं. हळू टेकवलं की दुसरंही फिरायला लागतं. आपटलं की दोन्ही थांबतात. “पायाखाली एवढंच चाललंय,” ते म्हणाले. कुमुदने अर्धा तास ती झाकणं टेकवली. मीही टेकवून पाहिली. मग मला कळलं, बस सुरू होताना धक्का का बसतो ते.

दुसऱ्या दिवशी मास्तर चकित. “मॅडम, किसने सिखाया?”

“मेरे हज़बंड ने.”

“बढ़िया चलाते होंगे.”

“उन्हें चलाना नहीं आता,” कुमुद म्हणाली आणि गिअर बदलला.

एक एप्रिलला सव्वासहाला ती निघाली, तेव्हा उपळेकर बोलावलं नसताना डावीकडे बसले. नोएडापर्यंत गेले, तिथून दोन बस बदलून ऑफिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाटेत एक अक्षर बोलायचे नाहीत, असं कुमुद सांगायची, फक्त पूल आला की पाय ताठ. आठ महिने हे चाललं. मग एका सकाळी ते उठून बाथरूममध्ये रंगवायला गेले आणि आतूनच म्हणाले, “सावकाश जा.” पाच वर्षांनी कुमुद त्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. आता दोघं दिल्लीतल्याच द्वारकेला असतात, गाड्या दीडशेच्या वर गेल्यात.

ती पांढरी मारुती पहिल्यांदा मोठ्या दुरुस्तीला गेली तेव्हा मी कुमुदबरोबर होते. मेकॅनिकने आतली रबरी चटई काढून झटकली आणि थांबला. डावीकडच्या चटईला टाचेच्या जागी आरपार भोक पडलं होतं.

“मैडम, ड्राइवर साइड की तो नई जैसी है. यह इधर कैसे घिस गई?”

“उधर भी एक ब्रेक है,” कुमुद म्हणाली. “साहब का.”

त्याने वाकून शोधला बिचाऱ्याने.