डाव्या सीटवरचं वजन

जानेवारीतला दुसरा शनिवार, दुपारचे साडेतीन. काट्याला दिलेली रक्कम शंभर रुपये. हजर : मी, माझी बायको मंदा, वजनकाट्याचा कारकून गोरख आणि आमच्या मागे रांगेत उभे असलेले उसाचे अकरा ट्रॅक्टर. एवढ्या माणसांसमक्ष मी माझ्या बायकोचं वजन केलं.

याबद्दल मला सोनईत आणि पाथर्डीत (मंदाचं माहेर) बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे. मी कुणाचीही माफी मागितलेली नाही. माझी पद्धत बरोबर होती. फक्त सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

मी कोल्हारजवळच्या एका दूध संकलन केंद्रात फॅट तपासतो. साडेतीन फॅट आणि तीन पॉइंट चार फॅट यांतल्या फरकावरून माणसं माझ्या अंगावर धावून आलेली आहेत, तरी मी आकडा बदललेला नाही. सोनई ते केंद्र आणि परत, असे रोजचे ऐंशी किलोमीटर मी एका लाल, दोन दारांच्या, दोनच सीटच्या स्पोर्ट्स कारमधून करतो. पुण्याच्या एका हौशी डॉक्टरांकडून जुनी घेतली. गावात तिला 'चपटी' म्हणतात. म्हणोत! गतिरोधक तिरपे ओलांडावे लागतात, हे खरं. उतरताना आधी हात जमिनीला टेकवावा लागतो, हेही खरं. पण बावन्नाव्या वर्षी माणसानं उंचच गाडी घ्यावी, असा कायदा माझ्या वाचनात नाही.

दोष एकच होता. डॉक्टरांनी चाकं शर्यतीच्या हिशेबानं लावून घेतली होती. पुढची चाकं वरच्या बाजूनं आत झुकलेली (याला कॅम्बर म्हणतात) आणि त्यांची तोंडं फताड्या पायांच्या माणसासारखी बाहेर वळलेली (याला टो म्हणतात). त्यामुळे गाडी वळणावर झकास, पण सरळ रस्त्यावर डावीकडे ओढायची, आणि आठ हजार किलोमीटरमध्ये टायरची आतली कड टकलासारखी गुळगुळीत!

"हा दुसरा जोड," मंदा म्हणाली. "गाडी पेट्रोलवर चालते का टायरवर?"

"अलाइनमेंटचा प्रश्न आहे."

"मग सोडवा. दोन आठवड्यांनी दादाच्या पोराचा साखरपुडा आहे पाथर्डीला. जाऊन-येऊन गाडी सरळ चालली, तर राहील घरात. न्हाई चालली, तर विकायची आणि मला साडी नेसून बसता येईल अशी उंच गाडी घ्यायची."

"मान्य," मी म्हणालो. एका दमात. नंतर थोडं पाणी प्यायलो.

नगरला (कागदोपत्री अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच) बाबूभाईंचं अलाइनमेंटचं दुकान आहे. त्यांनी गाडी यंत्रावर चढवली.

"साहेब, स्क्रीनवर हिरवं आलं की गाडी बरोबर."

"हिरवं म्हणजे नुसती पास. मला पस्तीस मार्कांची गाडी नको."

असं म्हणून मी स्वतःच्या अक्षरातली चार पानं त्यांच्या हातात दिली. रोज वापरायच्या स्पोर्ट्स कारला कॅम्बर किती, टो किती, पुढे किती, मागे किती, सगळं दशांशात. तिसऱ्या पानावर लाल शाईत एक नियम होता : गाडीत बसणाऱ्यांचं वजन सीटवर ठेवूनच चाकं लावावीत.

बाबूभाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"बरं. उजवीकडं तुमी बसा. डावीकडं कोन बसतं?"

"आमची मंडळी."

"वैनींचं वजन?"

मी चारही पानं उलटून पाहिली. हा आकडा कुठेच नव्हता.

"धरा की साठ-पासष्ट!"

"धरा? बाबूभाई, असं धरायचं असतं, तर मी केंद्रावर दुधाचं फॅटही धरलं असतं! सोमवारी येतो. आकडा घेऊनच."

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. मला आडवळणं जमत नाहीत.

"मंदा, तुझं वजन किती?"

"कशाला?"

"टोसाठी."

"पंचावन्न."

"कधीचं?"

"लग्नातलं. लग्न तेच आहे ना अजून?"

घरात वजनाचं यंत्र नाही. केंद्रातला काटा पाच किलोंच्या पुढे जात नाही. दवाखान्यात चल म्हटलं, तर ती म्हणाली, "मला काय झालंय?" शेवटी मी म्हणालो, "चल, गाडीचं वजन करून येऊ." हे खोटं नव्हतं. गाडीचंच वजन करायचं होतं. एकदा ती आत असताना आणि एकदा ती बाहेर असताना!

आमच्याकडे पुष्कळ शेतकरी ऊस कारखान्याला नेण्याआधी बाहेरच्या काट्यावर एकदा तोलून घेतात. सीझन जोरात होता. दोन ट्रॅक्टरांच्या मधे आमची चपटी उभी राहिली, तेव्हा मागच्याला ती दिसलीच नाही. तो सरळ पुढे येत होता. मंदानं काचेतून हात बाहेर काढून बांगड्या वाजवल्या, म्हणून वाचलो.

"ऊस कुठाय?" खिडकीतून गोरखनं विचारलं.

"ऊस नाही. गाडीचं वजन."

"भरलेली का रिकामी?"

"दोन्ही."

काट्यावर चढलो. तेराशे चाळीस. मग मी मंदाला म्हणालो, "जरा उतर." ती उतरली. (या गाडीतून उतरणं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं. दोन मिनिटं गेली. मागून भोंगे सुरू.) बाराशे सत्तर.

माझी एक चूक झाली, ती मी मान्य करतो. खिडकीवर वीतभर उंचीचे लाल आकडे रांगेला दिसावेत असे लावलेले असतात आणि गोरखच्या हातात लाउडस्पीकरचा माइक असतो, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

"ग्रॉस तेराशे चाळीस!" गोरख कर्तव्यबुद्धीनं ओरडला. "टेअर बाराशे सत्तर! निव्वळ माल सत्तर किलो! मालाचं नाव काय लिवू?"

निव्वळ माल काट्याशेजारी पदर सावरत उभा होता.

"लिहा, इतर," मी म्हणालो.

तिसऱ्या ट्रॅक्टरवरून कोणीतरी ओरडलं, "मावशी, पाल्या-पाचटाची वजावट धरली का न्हाई?" आणि अकराच्या अकरा ट्रॅक्टर हसले.

इथेही प्रकरण मिटलं असतं. पण अर्धवट आकडा सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी तिला समजावायला गेलो, "अगं, सत्तर नक्की नाही. हा काटा दहा-दहा किलोंनी पुढे सरकतो. दोन्ही वजनांत पाच-पाचची चूक धरली, तर साठ ते ऐंशी यात कुठेही..."

"ऐंशी?"

"किंवा साठ! आणखी दोनदा केलं तर सरासरी काढता येईल."

मंदानं गाडीच्या काचेतून आपली पिशवी घेतली. "ही साठ ते ऐंशी किलो आता वडापनं घरी चाललीत," ती म्हणाली आणि रस्त्यावर जाऊन जीपला हात केला. तिला चढताना बघून मागचा ट्रॅक्टरवाला मला म्हणाला, "मालक, तुमचा माल गेला."

रविवारचं जेवण माझं मीच वाढून घेतलं. सोमवारी नगरला चल म्हणण्याची सोय राहिली नव्हती. पण सत्तर हा आकडा हातात होता! आमचा लाल कांदा नुकताच गोण्यांत भरला होता. ताणकाट्यानं दहा-दहा किलो तोलून पन्नास किलोंची एक गोणी सीटवर उभी केली, वीस किलोंची दुसरी तिच्या मांडीवर ठेवली आणि दोघींना मिळून बेल्ट लावला.

बाबूभाईंनी आत डोकावून पाहिलं.

"वैनी आज गप गप."

"तुम्ही काम करा."

त्यांनी अडीच तास काम केलं. पानावरचा प्रत्येक आकडा, दुसऱ्या दशांशापर्यंत! बाराशे रुपये दिले आणि निघालो. काय गाडी चालली! तीरासारखी! घोडेगावापर्यंत मी स्वतःशीच हसत होतो. घरी आलो, तर मंदा अंगणातच होती. तिनं गोणीकडे पाहिलं, बेल्टकडे पाहिलं.

"हे काय?"

"तू," मी म्हणालो. आनंदाच्या भरात तोंडून निघून गेलं.

साखरपुड्याच्या रविवारी ती पैठणी नेसून बाहेर आली आणि गाडीजवळ न थांबता स्टँडकडे चालू लागली. "मी अर्ध्या तिकिटात जाते. तुम्ही त्या दुसरीला घेऊन या."

आता मी काय करायचं? डावी सीट रिकामी ठेवली, तर गाडी उजवीकडे ओढत होती (थोडीच, पण मला कळते). आणि शर्त सरळ चालण्याची होती. मी गोणीला घेऊन पाथर्डीला गेलो. उघड्या काचांनी, भर रस्त्यानं!

मंडपाच्या दारातच मोठे मेहुणे उभे. "दाजी, मंदा कुठंय?"

"एसटीनं येतेय."

"मग बेल्ट लावून ह्ये कोन आणलंय?"

मी तिसऱ्या पानापासून सुरुवात केली. कॅम्बरवर होतो, तेवढ्यात दोन आचारी येऊन दोन्ही गोण्या उचलून घेऊन गेले. "बरं झालं, कांदा कमीच पडत व्हता!" मी "अहो, ते वजन आहे!" असं ओरडत चुलवणापर्यंत धावलो. पण चार बायका विळ्या घेऊन बसल्याच होत्या. मंदा पोचली तेव्हा सगळा मंडप तिला सांगत होता, "दाजींनी सत्तर किलो कांदा आणला गं! मन मोठं माणसाचं!"

जेवणं उरकली. निघायच्या वेळी मंदा गाडीपाशी आली आणि वाकून डाव्या सीटकडे बघत राहिली.

"गेली का ती?"

"रश्श्यात गेली."

आठ दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "मग बसते. वाटेकरीण असती तर बसले नसते."

तिसगाव सोडल्यावर सरळ पट्टा लागला. पुढे-मागे कोणी नव्हतं. मी स्टिअरिंगवरून हात उचलले आणि मोठ्यानं तीन आकडे मोजले. गाडी जागची हलली नाही. म्हणजे पुढे जात होती, पण रेघेवर!

"बघितलंस?"

"बघितलं. हात ठेवा."

"टायरचा आवाज?"

"न्हाई."

"मग?"

"राहू द्या तुमची चपटी. दिला शब्द तो दिला."

माझी छाती अशी फुगली की बेल्ट दाटला. गाव, मेहुणे, अकरा ट्रॅक्टर, सगळ्यांना उत्तर मिळालं होतं. एकट्या माणसानं, कागदावरच्या आकड्यांच्या जोरावर!

"अहो, एक विचारू? ही चाकं रोजच्या जाण्या-येण्यासाठी लावून घेतली ना?"

"अर्थात! रोजचा जो भार, त्याच भारावर. तोच तर नियम आहे."

"मग रोज केंद्रावर जाताना या सीटवर कोण असतं?"

मिरी गाव येईपर्यंत मी आरसा सरळ करत होतो. मिरी गेल्यावर म्हणालो, "डबा."

सोमवारी रजा टाकून नगरला गेलो. शेवटी दिलेली रक्कम : बाराशे रुपये, दुसऱ्यांदा, बाबूभाईंना. डाव्या सीटवरचं वजन या वेळी शून्य किलो. हा आकडा अगदी अचूक आहे. ज्याला शंका असेल, त्यानं तो खुशाल कुठल्याही काट्यावर तपासून घ्यावा.