आत्याने वाचलेले तीन भाग

नव्या ब्राऊन पेपरचा वास आला की फणसवाडीतली आत्याची खोली आठवते. मी तिच्याकडे राहून परळच्या एका ऑफिसात नुकतीच लागले होते. मालक आणि त्याच्या सेक्रेटरीच्या चावट प्रेमकथेचे तीन भाग मैत्रिणीकडून आणून, कव्हर घालून, मी चोरून वाचत होते. एका रविवारी पाहते तर आत्या खिडकीशी बसून तिसरा भाग संपवत होती. मला तोंड कुठे लपवू असं झालं. ती म्हणाली, "चावट आहे, त्याचं काही नाही गं. पण भारी कंटाळवाणं. आणि ती पोरगी त्याला नाही कसं म्हणणार? नोकरी त्याच्या हातात! हे कसलं प्रेम?" ते ऐकून मला माझंच ऑफिस आठवलं. आमचे साहेब मला एकटीला लोणावळ्याला चल म्हणत होते आणि मी हुरळले होते. शेवटी तिला सगळं सांगितलं. "तुला जायचंय?" तिने विचारलं. "नाही गं," म्हणताना मला रडू फुटलं. सोमवारी साहेबांना नाही सांगून मी खाली आले, तर गेटपाशी आत्या उभी. "छत्री विसरलीस, म्हणून आले," म्हणाली. भर जानेवारीत! आजही ते आठवून आधी हसू येतं, मग भरून येतं.