विनयचं निळं जाकीट

विनय गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. जॉर्जियातल्या त्या हॉटेलच्या लॉबीतून एकेक फोन लावत होतो आणि तेच वाक्य सांगत होतो, "विनय गेला... हो, बर्फात." आवाज कापला नाही. महिना उलटला, अजून कापत नाही. लोकांना वाटतं, माणूस खंबीर आहे. कसला डोंबलाचा खंबीर!

आम्ही दोघं सांगलीचे, शाळेपासून एका बाकावरचे. विनयचा धंदा एसीचा. दुबईत देरा भागातल्या त्याच्या ऑफिसात इतका गारठा असायचा की तो स्वतः बिनबाह्यांचं निळं जाकीट घालून बसायचा आणि वर येणाऱ्यालाच विचारायचा, "काय राव, गारठलास?" बर्फ आम्ही पाहिला तो दुबईच्या मॉलमध्ये, पन्नाशीला टेकल्यावर. तिथल्या उतारावर हा दर रविवारी स्कीइंग शिकायचा. आपटायचा, उठायचा, ओरडायचा, "यल्ला, परत!" मॉलमधला बर्फ गुणी. रोज तोच, तेवढाच, अंगावर कधी येत नाही. दोन वर्षं त्यावर काढली आणि आम्हाला खऱ्या डोंगराची ओढ लागली.

जॉर्जियात पोचल्यावर गाइडने प्रत्येकाला बीपर दिला. मोबाइलएवढं यंत्र, सतत सिग्नल पाठवत राहतं. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर लावायचं, मग त्यावरचा बाण त्या माणसाकडे नेतो. "अंगालगत बांधा, काढायच्या कपड्यात ठेवू नका," हे त्याने दोनदा बजावलं. पण विनयला पट्टा काचत होता. त्याने बीपर निळ्या जाकिटाच्या खिशात टाकून चेन लावली. निघताना तपासणी झाली, तेव्हा तो व्यवस्थित वाजला. उलट हाच सगळ्यांना विचारत फिरत होता, "चालू आहे ना रे?"

दुपारी ऊन तापलं. आम्ही आखातातली माणसं थंडीच्या धास्तीने नको तेवढे कपडे चढवतो. विनय घामाघूम झाला. त्याने कोट उतरवला, आतलं जाकीट काढून माझ्या बॅगेत कोंबलं आणि कोट परत घातला. विचारलंही नाही. कधीच विचारायचा नाही. चष्मा, पासपोर्ट, अर्धा उरलेला वडा, सगळं माझ्याच बॅगेत. "तुझी बॅग म्हणजे आपलं घरचं कपाट रे." एकेकाने उतरायचं होतं. तो पहिला निघाला... आणि वरचा बर्फ सुटला.

गाइड ओरडला. सगळ्यांनी यंत्रं शोधण्यावर लावली आणि सगळे बाण माझ्याकडे वळले. मी डावीकडे सरकलो की डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे. काही कळेना. गाइडने धावत येऊन माझी बॅग उलटी केली तेव्हा उलगडा झाला. मग लांब काठ्या बर्फात खुपसत शोधलं. सापडला. फार उशिरा सापडला.

इथून दर हिवाळ्यात कितीतरी कुटुंबं तिकडे जातात. त्यांना एवढंच सांगतो, पट्टा काचला तर काचू दे बाबा.

जाकीट मात्र माझ्याकडेच राहिलं. घरात ते दिसलं की मी खोली बदलायचो. ते एकदाचं गेलं तर कदाचित रडू येईल, असं वाटायचं. परवा त्याची बायको मुग्धा आणि लेक इरा खलिफा सिटीत माझ्या घरी आल्या, तेव्हा मी ते आधीच घडी करून टेबलावर ठेवलं होतं.

"भाऊजी, स्वतःला लावून घेऊ नका," मुग्धा म्हणाली. "तुम्हाला काय माहीत, खिशात काय आहे ते..."

इराने रिकामा खिसा चाचपला. "काका, वॉज इट ऑन?"

"हो गं. चालू होतं. शेवटपर्यंत वाजत होतं."

तिने मान हलवली आणि खिशाची चेन लावली. निघताना मुग्धाने जाकीट उचललं, क्षणभर छातीशी धरलं आणि माझ्यापुढे केलं. "तुमच्याकडेच राहू दे. त्याचं सामान आमच्याकडे कधी होतं?"

मला नको म्हणायचं होतं. पण मी बॅग पुढे केली.